‘जन्मभर पापण्याच धूत बसायच्या का?’

डॉक्टर मॅडम,

माझं वय ५२. सांगली जिल्ह्यातल्या एका गावात शिवणकाम करते. ब्लाउज, फॉल-पिको, शाळेचे गणवेश. चार वर्षं झाली, दोन्ही डोळ्यांच्या पापण्यांच्या कडा लालच असतात. सकाळी डोळे चिकटलेले, ओल्या बोटांनी सोडवावे लागतात. पापण्यांच्या केसांना कोंड्यासारखं काहीतरी लागलेलं असतं. डोक्यातही कोंडा आहेच. दुपार कलली की डोळ्यांत वाळू गेल्यासारखं कचकचतं, आग होते, मधेच पाण्याच्या धारा लागतात. सुईत दोरा ओवायला मुलीला हाक मारावी लागते. वर्षभरात तीन रांजणवाड्या झाल्या.

उपाय करायचा एक बाकी ठेवला नाही. कच्च्या दुधात भिजवलेला कापूस, गुलाबपाणी, जावेने सांगितलेला मध. रांजणवाडीवर सासूबाईंनी सोन्याची अंगठी घासून लावली. एकदा लसूण लावला, त्याने कातडं सोललं. मेडिकलमधून एक ड्रॉप्स आणते, त्याने दोन दिवसांत डोळे पांढरेशुभ्र होतात, पण पंधरा दिवसांत पुन्हा तेच. वर्षात सहा बाटल्या झाल्या. शेवटी तालुक्याला डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, ‘ब्लेफरायटिस आहे, कायमचं जाणार नाही, पापण्या धूत जा.’ दोन मिनिटांत बाहेर. पापण्या मी रोज धुतेच की, तोंड धुताना!

मार्चमध्ये मुलीचं लग्न आहे. ती मोबाइलवर बघून टी ट्री ऑइल मागवते म्हणते. काजळ लावलं नाही तर मी आजारी दिसते. वर्षाची नात माझ्याजवळ झोपते, तिला हे लागेल का? सासूबाईंचे डोळेही असेच चिपडतात, त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन त्यामुळेच पुढे ढकललंय. जन्मभर पापण्याच धूत बसायच्या का? मुळातून जाईल असा घरगुती उपाय सांगा.

— एक वाचक, सांगली जिल्हा

ताई,

हो, जन्मभर. रागावून पान उलटू नका, कारण तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं ते खरंच आहे. ब्लेफरायटिस म्हणजे पापणीच्या काठाची पुन्हा पुन्हा येणारी सूज. फक्त अर्धंच सांगितलं. हे मी त्यांना दोष द्यायला म्हणत नाही. दवाखाना सुरू केल्यावर पहिली कित्येक वर्षं मीही हेच करत होते. बाहेर चाळीस पेशंट बसलेले असताना ‘पापण्या स्वच्छ ठेवा’ म्हणायला दोन सेकंद लागतात आणि कशा ते दाखवायला दहा मिनिटं. मग पेशंट महिन्याने तसाच परत यायचा आणि मी ड्रॉप्स बदलून द्यायचे. पुढे माझ्याच पापण्यांना हे लागलं तेव्हा कळलं की ती दहा मिनिटं हाच उपचार होता.

घोळ थोडा आपल्या भाषेचाही आहे. आपण डोळ्याच्या झाकणीलाही पापणी म्हणतो आणि तिच्या केसांनाही. ‘पापण्या धुवा’ म्हटलं की बाई डोळे मिटून तोंडावर पाण्याचे हबके मारते आणि म्हणते, धुतल्या. धुवायचा असतो तो काठ. झाकणीची ती दोन मिलिमीटर रुंदीची किनार, जिथून केस उगवतात. हबके मारून तिथलं काही निघत नाही. साडीचा फॉल मळला तर नुसती साडी पाण्यातून काढून चालतं का?

पण काठाकडे वळण्याआधी ती बाटली.

दोन दिवसांत डोळे पांढरेशुभ्र करणारं औषध म्हणजे बहुतेक स्टेरॉइड असतं. बाटलीवरची बारीक अक्षरं मुलीला वाचायला सांगा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल, यातलं काही दिसलं तर ते स्टेरॉइड. बऱ्याचदा ते एखाद्या अँटिबायोटिकबरोबर एकाच बाटलीत असतं, म्हणून विकणारा ‘अँटिबायोटिक आहे’ म्हणून देतो. चिठ्ठीशिवाय ते विकू नये असा नियम आहे, आणि तो किती पाळला जातो हे तुमच्या सहा बाटल्यांवरून दिसतंच. स्टेरॉइडने सूज झटक्यात उतरते आणि मूळ दुखणं जागच्या जागी राहतं. वापर लांबला की काही लोकांच्या डोळ्याचा दाब वाढतो. कुणाचा वाढेल हे आधी सांगता येत नाही, वाढला तरी दुखत नाही, लाल होत नाही, कळत नाही. कळतो तो काचबिंदू झाल्यावर, आणि काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. मोतीबिंदूही त्याने लवकर येतो. म्हणजे पापणीच्या दुखण्याने नजर सहसा जात नाही, पण त्यावरच्या या औषधाने जाऊ शकते. मला तुमच्या पत्रात काळजी वाटली ती याच एका ओळीची.

तेव्हा सातवी बाटली आणू नका. सध्या एखादी चालू असेल तर ती बंद कशी करायची हेही डॉक्टरांनाच विचारा, आणि या आठवड्यातच जाऊन डोळ्याचा दाब मोजून घ्या. सहाही बाटल्यांचं खरं सांगा. डॉक्टर ओरडतील असं वाटून पेशंट नेमकं हेच लपवतात. स्टेरॉइड वाईटच असतं असंही नाही. सूज फार असेल तर मी स्वतःही ते देते, पण दिवस मोजून, आणि मधे दाब तपासून.

आता तुमच्या डोळ्यांत नेमकं काय चाललंय ते. आरशासमोर उजेडात उभ्या राहा आणि खालची झाकणी बोटाने जरा खाली ओढा. केसांच्या ओळीच्या आतल्या बाजूला, डोळ्याला लागून, बारीक टिंबांची एक रांग दिसेल. मशीनची सुई दोऱ्याशिवाय कापडावरून चालवली तर कशी छिद्रं पडतात, तशी. ती तेलाच्या ग्रंथींची तोंडं. वरच्या झाकणीत अशा साधारण २५ ते ४० ग्रंथी असतात, खालच्या झाकणीत २० ते ३०. हाइनरिख मायबोम नावाच्या जर्मन वैद्याने १६६६ साली त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्या मायबोमियन ग्रंथी. प्रत्येक उघडझापीबरोबर त्यांतून तेलाचा अंश बाहेर येतो आणि अश्रूंवर पसरतो. ते तेल आहे म्हणून डोळ्यातला ओलावा लगेच उडून जात नाही.

चांगल्या डोळ्यात हे तेल पातळ असतं. तुमच्या डोळ्यात ते घट्ट झालंय. थंडीत खोबरेल तेलाची बाटली आठवा. आत तेल भरलेलं आहे, तोंड उघडं आहे, उलटी केली तरी थेंब पडत नाही. मग ओलावा उडतो आणि दुपारपर्यंत डोळा कोरडा पडून कचकचायला लागतो. त्या कोरडेपणाने चिडून डोळा एकदम भरमसाट पाणी सोडतो. तुमच्या त्या धारा याच. डोळे वाहतात म्हणजे ओले आहेत असं नसतं.

कधीकधी मी सूक्ष्मदर्शकाखाली पेशंटची झाकणी जराशी दाबून बघते. निरोगी असेल तर तेलाचा पारदर्शक ठिपका वर येतो. तुमच्यासारखी असेल तर टूथपेस्टसारखी पांढरट दोरी बाहेर येते. ते एकदा स्क्रीनवर दाखवलं की पेशंटला शेक घ्यायला पुन्हा सांगावं लागत नाही.

दुसरा भाग काठाचा. तिथे नेहमीचेच जंतू वाढलेले असतात आणि डोक्यातल्या कोंड्याचं भावंड पापणीवरही आलेलं असतं. म्हणून दोन गोष्टी करायच्या, आणि क्रम चुकवायचा नाही. आधी तेल वितळवायचं, मग काठ पुसायचा.

शेक. तुमच्या लहानपणी डोळ्यात काही गेलं की आई पदराचा बोळा करायची, त्यात तोंडाने गरम वाफ सोडायची आणि डोळ्यावर ठेवायची. आठवतं? कल्पना अगदी बरोबर होती, फक्त ऊब क्षणभराची. घट्ट तेल पाघळायला झाकणीला साधारण ४० अंशांची ऊब सलग निदान पाच मिनिटं मिळावी लागते, दहा मिळाली तर उत्तम. इथेच बहुतेकांचं फसतं. गरम पाण्यात पिळलेला पंचा मिनिटा-दोन मिनिटांत कोमट होतो आणि मग आपण गार कापड डोळ्यावर ठेवून ‘शेक घेतेय’ म्हणत बसतो. म्हणून दोन छोटे स्वच्छ पंचे घ्या आणि शेजारी झाकण ठेवलेलं गरम पाण्याचं पातेलं. एक डोळ्यावर, दुसरा पातेल्यात, मिनिटा-मिनिटाला बदलायचे.

तुम्ही शिवणकाम करता, तेव्हा तुम्हाला याहून सोपं. जाड सुती कापडाची डोळ्यांवर बसेल एवढी पट्टी शिवा, मधे नाकाला जागा सोडून दोन कप्पे करा आणि त्यांत जवस किंवा कोरडे तांदूळ सैलसर भरा. बाहेरून धुता येईल अशी खोळ. मायक्रोवेव्हमध्ये वीस-तीस सेकंद ठेवली की ऊब बराच वेळ टिकते. घरात मायक्रोवेव्ह नसेल तर तव्यावर प्रयोग करू नका. कापड करपतं, एखादा भाग चटका देण्याइतका तापतो आणि वरून कळत नाही. मग पंचेच बरे. काहीही वापरा, डोळ्याला लावण्याआधी मनगटाच्या आतल्या बाजूला अर्धं मिनिट धरा. तिथे सुखाचं वाटलं पाहिजे. पट्टी नुसती ठेवायची, दाबायची नाही. उठल्यावर काही मिनिटं धूसर दिसेल, घाबरू नका, पण लगेच मशीनवरही बसू नका.

शेक झाला की तेल पातळ असतानाच ते बाहेर काढायचं. हात साबणाने धुतलेले, नखं कापलेली. डोळा मिटून वरच्या झाकणीवरून बोट वरून खाली केसांकडे न्या. खालच्या झाकणीवरून खालून वर, तेही केसांकडेच. मेंदीचा कोन आपण मागून टोकाकडे दाबत आणतो ना, तसं. आडवं चोळायचं नाही, बुबुळावर जोर द्यायचा नाही. प्रत्येक झाकणीला पाच-सात वेळा पुरे.

मग काठ. उकळून कोमट केलेल्या अर्ध्या कप पाण्यात लहान बाळाच्या शाम्पूचे दोन-तीन थेंब. त्यात कापसाची काडी बुडवून निथळा, डोळा मिटा आणि वरच्या केसांच्या मुळाशी आडवी हलक्या हाताने फिरवा. खालच्या काठासाठी वर बघा, झाकणी जरा खाली ओढा आणि मुळांवरून काडी न्या. खपल्या आपोआप सुटतात, शेकाने त्या मऊ झालेल्या असतात. म्हणूनच क्रम महत्त्वाचा, कोरड्या खपल्या ओढल्या तर केसही निघतो. दुसऱ्या डोळ्याला नवी काडी. शेवटी स्वच्छ पाण्याने पुसून घ्या. बाळाचा शाम्पूही काहींना चुरचुरतो. तसं झालं तर पापण्यांसाठी तयार मिळणारे पुसण्याचे ओले कागद किंवा फेस वापरा. महाग पडतात, पण त्यांची कटकट कमी. अंगाचा साबण मात्र तिकडे नेऊ नका.

हे सगळं सकाळ-संध्याकाळ. पहिल्या आठवड्यात काहीही फरक पडणार नाही आणि तुम्हाला माझा राग येईल. चार ते सहा आठवडे लागतात. त्यानंतर दिवसातून एकदा, पाच-सात मिनिटांत आटोपतं. मी रात्री बातम्या ऐकताना करते. कंटाळा येऊन महिनाभर सोडलं की पुन्हा कडा लाल होतात. माझ्या झाल्या आहेत, दोनदा.

मुलीला सांगा, टी ट्री ऑइल मागवू नकोस. तिने व्हिडिओत काय पाहिलं असेल याचा अंदाज आहे मला. पापण्यांच्या केसांच्या मुळाशी डेमोडेक्स नावाचे किडे राहतात, लांबी एक तृतीयांश मिलिमीटरच्या आसपास. त्यांचं मोठं केलेलं चित्र पाहून भल्याभल्यांची झोप उडते. पण वय वाढतं तसे ते बहुतेक सगळ्यांच्याच चेहऱ्यावर सापडतात, त्यात घाणेरडेपणा काही नाही. संख्या फार वाढली तर त्रास. तेव्हा केसाच्या मुळाभोवती बांगडीसारखं पारदर्शक कडं दिसतं. तुमचा कोंडा त्यातला आहे का, ते डॉक्टर यंत्राखाली एका नजरेत सांगतील. टी ट्री तेलातला एक घटक हे किडे मारतो हे खरं, पण बाटलीतलं निव्वळ तेल डोळ्याजवळ गेलं तर बुबुळ भाजतं, आणि तो घटक तुमच्या त्या तेलग्रंथींच्या पेशींनाही मानवत नाही. वापरायचंच तर डॉक्टरांच्या हातून, ठरावीक प्रमाणात. याच किड्यांसाठी लोटिलानर नावाच्या ड्रॉप्सना अमेरिकेत २०२३ साली मान्यता मिळाली, तोवर तिथेही यासाठी वेगळं मान्य औषध नव्हतं. म्हणजे यावर कुठल्याच डॉक्टरकडे जादू नव्हती, तालुक्याच्या असोत की परदेशातल्या.

आता तुमच्या घरच्या उपायांचं. लसूण पुन्हा कधीही नाही. सोललेलं कातडं हा भाजल्याचा डाग होता, आणि तो झाकणीवर राहिला हे नशीब. कच्चं दूध म्हणजे जंतूंना घातलेलं जेवण. गारव्याने बरं वाटतं, तो गारवा साध्या पाण्याच्या घडीनेही मिळतो. बाटलीतला मध निर्जंतुक नसतो. गुलाबपाण्यात सुगंध असतो, आणि आधीच चिडलेल्या डोळ्याला सुगंध नको असतो. त्रिफळ्याचं पाणी तुम्ही लिहिलं नाहीत, पण पुढच्या पत्रात येणार म्हणून सांगते: रात्रभर भांड्यात भिजवून ठेवलेलं कुठलंही पाणी डोळ्यात घालू नका.

सासूबाईंच्या अंगठीत सोन्याचं काही काम नव्हतं, घासून येणाऱ्या उबेचं होतं. म्हणजे त्याही शेकच देत होत्या! फक्त अंगठीच्या खाचेत दिवसभराचं पीठ आणि साबण अडकलेला असतो, म्हणून ती नको. रांजणवाडीला हाच शेक दिवसातून तीन-चारदा द्या, पिळू नका. आणि एक गोष्ट तुम्हाला कुणी सांगितलेली दिसत नाही. ५२ व्या वर्षी वर्षात तीन रांजणवाड्या म्हणजे एकदा रक्तातली साखर तपासून घ्या.

एरंडेलाच्या बाबतीत मला थोडं नमतं घ्यावं लागतं. आजी पापण्यांना एरंडेल लावायची आणि आम्ही कॉलेजात शिकून आल्यावर तिला हसायचो. न्यूझीलंडमध्ये झालेल्या एका छोट्या चाचणीत मिटलेल्या पापणीवर एरंडेल चोळल्याने लाली आणि खपल्या कमी झाल्याचं आढळलं, २०२१ साली ती प्रसिद्ध झाली. माणसं अगदी थोडी होती, चार आठवड्यांचंच काम होतं, तेव्हा त्यावरून मी कुणाला ‘लावा’ म्हणणार नाही. पण आजीला आता हसत नाही.

जवसाचं नेमकं उलटं झालं. जवसात आणि माशांच्या तेलात ओमेगा-३ नावाचा घटक असतो. त्याच्या गोळ्यांनी कोरडे डोळे सुधारतात असं आम्ही बरीच वर्षं सांगत आलो. अमेरिकेत ५३५ जणांवर वर्षभर चाचणी झाली, काहींना या गोळ्या आणि काहींना ऑलिव्ह तेलाच्या, २०१८ मध्ये निष्कर्ष आले, आणि ऑलिव्ह तेलाच्या गोळ्यांपेक्षा त्यांचा काही जास्त उपयोग दिसला नाही. जवसाची चटणी खा, चवीसाठी. गोळ्यांवर पैसे घालू नका.

काजळ हा अवघड प्रश्न आहे, कारण तुम्ही औषधाचं नाही, चेहऱ्याचं विचारता आहात, आणि ते मला कळतं. आपण काजळ भरतो ती जागा म्हणजे नेमकी ती टिंबांची रांग. घट्ट तेलाची तोंडं वरून मेणाने बंद करायची, असा तो प्रकार. तेव्हा रोजचं काजळ बंद. लग्नाच्या दिवशी केसांच्या बाहेरच्या बाजूने रेघ ओढा, आतल्या ओल्या काठावर नको. नवी कांडी घ्या, ती करवल्यांमध्ये फिरू देऊ नका. रात्री कितीही दमलात तरी ती रेघ पुसूनच झोपा. सुरमा मुळीच नको, त्यात बऱ्याचदा शिसं असतं. आणि नातीच्या डोळ्यात कुणी काजळ घालत असेल तर तेही थांबवा. तीट गालावर लावली तरी दृष्ट लागत नाही.

नात तुमच्याजवळ खुशाल झोपू दे. हे दुखणं डोळे आल्यासारखं लागत नाही. उशीचा अभ्रा आठवड्यातून दोनदा बदला आणि टॉवेल स्वतःचा ठेवा, ते तसंही बरं.

डोक्यातल्या कोंड्याला वगळून पापणीचा कोंडा जाणार नाही. किटोकोनॅझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, फेस पाच मिनिटं ठेवून धुवायचा, डोळे मिटून. आणि रात्री डोक्याला तेल थापून झोपण्याची सवय असेल तर सध्या सोडा. कोंड्याची बुरशी तेलावरच पोसते.

मशीनवर बसलं की माणूस डोळ्याची उघडझाप विसरतो. टीप सरळ जाईपर्यंत श्वाससुद्धा रोखतात काहीजणी! उघडझाप नाही म्हणजे तेल नाही. एक बाही झाली की थांबा आणि डोळे सावकाश, पूर्ण मिटून दहा वेळा उघडझाप करा. टेबलफॅन तोंडावर येत असेल तर पायांकडे वळवा. दुपारसाठी कृत्रिम अश्रूंचे ड्रॉप्स चालतील. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर प्रिझर्वेटिव्ह, म्हणजे औषध टिकवायला घातलेलं रसायन, नसलेले घ्या.

सहा आठवडे इमानाने करूनही कडा लालच राहिल्या तर डॉक्टर काठाला लावायचं अँटिबायोटिक मलम देतील, किंवा काही आठवडे डॉक्सिसायक्लिन किंवा अझिथ्रोमायसिनच्या गोळ्या. त्या जंतूंइतक्याच सुजेसाठीही असतात, म्हणून कोर्स लांब असतो. मेडिकलमधून तीन दिवसांच्या आणून काही होत नाही.

काही गोष्टींना मात्र सहा आठवडे थांबायचं नाही. डोळा ठणकायला लागला, उजेड सहन होईना, नजर कमी झाली, बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि लाली एकाच डोळ्याला असेल, एका जागचे केस गळत असतील, किंवा गाठ त्याच ठिकाणी पुन्हा पुन्हा येत असेल, तर ते ब्लेफरायटिस म्हणून धुवत बसू नका. झाकणीच्या तेलग्रंथीचा एक कर्करोग अगदी असंच सोंग घेतो, आणि आपल्याकडे तो पाश्चात्त्य देशांच्या मानाने बराच जास्त दिसतो. तुमचं दोन्ही डोळ्यांना सारखं आहे, केस गळल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून भीती घालत नाही. तुमच्या तिन्ही रांजणवाड्या एकाच जागी होत्या का, एवढं आठवून डॉक्टरांना सांगा.

सासूबाईंचं ऑपरेशन पुढे ढकललं ते योग्यच केलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग झाला तर ते जंतू बहुतेक वेळा पेशंटच्या स्वतःच्याच पापण्यांच्या काठावरचे असतात. काठ स्वच्छ झाला की तारीख मिळेल. म्हणून पट्ट्या दोन शिवा, खोळी वेगळ्या रंगाच्या, म्हणजे अदलाबदल होणार नाही. त्यांच्या वयाला कातडं पातळ असतं आणि गरम उशिरा कळतं. त्यांची पट्टी आधी तुमच्या मनगटावर पाहा, मग त्यांच्या डोळ्यांवर ठेवा.